म्हातारीची बाज आणि तीन चोर

कार्तिकातली रात्र. गोंदियाहून कामठ्याच्या बाजूला, बिरसीच्या धावपट्टीच्या रेषेत येणाऱ्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आम्ही बसलो होतो. धान कापून झालेला, पुंजणे रचलेले, मळणीला अजून अवकाश. पुंजण्याच्या आडोशाला बाज टाकून एक म्हातारा जागलीला होता आणि मी त्याच्या पायथ्याशी पोत्यावर. दूर कुठल्या तरी गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती. भोंग्याचा आवाज वाऱ्यासोबत यायचा आणि विरून जायचा.

साडेसातच्या सुमारास पश्चिमेला झाडांच्या शेंड्यावर एक दिवा दिसला. लाल, आणि त्याच्या आगेमागे मधूनच चमकून जाणारा पांढरा. आवाज नाही. मी मुद्दामच विचारलं, "काकाजी, ड्रोन तर नाही?"

म्हाताऱ्यानं मान वर करायचीही तसदी घेतली नाही. "ड्रोन-गिरोन काही नोहोय जी. बिरसीचा पोट्टा होय. इमान शिकून रायला." मग बिडी विझवून त्यानं पुढचा कार्यक्रमही सांगितला. "आता लाल दिसून रायला. मंग पांढरा होऊन जागीच थांबन. मंग आपल्या डोक्यावरून जाईन. अन् आणखी येईन."

तसंच झालं. लाल दिवा वळला, एकाएकी पांढरा झगझगीत झाला आणि आकाशात टांगल्यासारखा स्थिर राहिला. मिनिटभर तरी तो हललाच नाही. मग घरघर ऐकू आली, एक छोटं विमान डोक्यावरून धावपट्टीकडे उतरत गेलं, टेकलं न टेकलं तोच पुन्हा उठलं. थोड्या वेळानं झाडांच्या त्याच शेंड्यावर तोच लाल दिवा. एका तासात मी सहा फेऱ्या मोजल्या. म्हाताऱ्यानं मोजल्या नाहीत.

बिनआवाजी दिवा, रंग बदलणारा, एका जागी थांबणारा, वळून पुन्हा त्याच ठिकाणी येणारा. नेमक्या याच वर्णनानं २०२४ च्या पावसाळ्यात अर्ध्या महाराष्ट्राची झोप उडवली होती.

*

त्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून बातम्या यायला लागल्या की रात्री गावांवर ड्रोन फिरतात. पाहता पाहता ते लोण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात आणि पुढं पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, आंबेगाव, जुन्नरकडे पोचलं. चोर आधी ड्रोननं टेहळणी करतात, कोणत्या घराला कुलूप आहे, कुठं बायामाणसं एकटी आहेत ते हेरतात आणि मग घर फोडतात, असा त्या बातमीचा अर्थ गावोगाव लावला गेला. तरुण पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली, माणसं गच्चीवर जागू लागली. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी ड्रोन दिसल्याची तक्रार झाली तेव्हा प्रश्न विधानसभेत गेला. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका असं वारंवार सांगितलं, आणि पोलिस असं सांगतात तेव्हा होतं तेच झालं. लोकांनी आणखी बारकाईनं आकाशाकडे पाहायला सुरुवात केली.

त्या रात्रींत दिसलेला प्रत्येक दिवा विमानाचाच होता असं म्हणणं आगाऊपणाचं होईल. लग्नाचं चित्रण करणाऱ्यांकडे ड्रोन आहेत, फवारणीचे ड्रोन आहेत, हौशी पोरांकडेही आहेत. पण एक हिशेब सोपा आहे. बाजारात मिळणारा साधा कॅमेऱ्याचा ड्रोन एका बॅटरीवर साधारण अर्धा तास उडतो. औषधाची टाकी घेऊन उडणारा शेतीचा ड्रोन त्याहून खूपच लवकर खाली येतो. छोटा ड्रोन लांब गेला की रात्री डोळ्यांना सापडणं मुश्कील, आणि अंगणावर आला तर त्याची घूंघूं झोपलेल्यालाही उठवील. रात्रभर, पाचपन्नास गावांना एकाच वेळी, बिनआवाजी दिसणारा दिवा या हिशेबात बसत नाही. विमान बसतं. ताराही बसतो.

*

बिरसीचा म्हातारा पुढचं सांगू शकला यात जादू नव्हती. त्यानं पाठ केलेली ती एक चौकट आहे, आणि विमानशाळेतला विद्यार्थीही तीच पाठ करतो.

धावपट्टीवरून उठायचं, डावीकडे वळायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं, पुन्हा डावीकडे दोनदा वळून उतरायला समोर यायचं. याला सर्किट म्हणतात. उंची जमिनीपासून साधारण हजार फूट. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यात किमान ५ तास रात्रीचे असावे लागतात. त्या ५ तासांत विद्यार्थ्यानं स्वतः विमानाची सूत्रं हाती घेऊन किमान १० वेळा उडायचं आणि १० वेळा उतरायचं असतं. म्हणजे ज्या गावाशेजारी विमानशाळा आहे, तिथं प्रत्येक विद्यार्थ्यामागे आकाशात निदान दहा तरी घिरट्या ठरलेल्या.

रंगांचं गणितही ठरलेलं आहे. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. हा रिवाज जहाजांकडून आलेला. त्याशिवाय लुकलुकणारा लाल दिवा, पंखांवरचे लखलखणारे पांढरे झोत आणि उतरतानाचा मोठा दिवा. डावीकडे वळत फेरी घालणाऱ्या विमानाचा डावा पंख कायम फेरीच्या आतल्या अंगाला असतो. म्हणून फेरीच्या आत असलेल्या बांधीतून दिवा लाल दिसतो, आणि तेच विमान त्याच क्षणी फेरीबाहेरच्या गावाला हिरवं दिसतं. दोन गावं फोनवर बोलली तर दोन वेगळी यंत्रं उडताहेत अशी त्यांची खात्रीच पटावी. विमान तोंड करून सरळ आपल्याकडे येतं तेव्हा त्याचा मोठा दिवा आपल्या डोळ्यांवर येतो आणि विमान डावी-उजवीकडे सरकत नाही. म्हणून 'जागीच थांबन'.

उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानात हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. पस्तीस हजार फुटांवरचं विमान आपल्या दिशेनं येत असेल तर शंभर किलोमीटरवरून ते क्षितिजालगत चिकटल्यासारखं दिसतं. पन्नास किलोमीटरवर आलं तरी, म्हणजे साडेतीन मिनिटांनीही, ते आकाशात मूठभरही वर चढलेलं नसतं. मग एकदम डोक्यावर येऊन निघून जातं. त्याचा आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात ते सात किलोमीटर पुढं गेलेलं असतं. आपण आवाजाकडे पाहतो तिथं काही नसतं, आणि दिवा दिसतो तिथं आवाज नसतो. देशाच्या नकाशावर मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-दक्षिण हे हवाई रस्ते नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात. पूर्व विदर्भाच्या डोक्यावर ही वर्दळ रात्रभर असते.

आणि डोळा? काळोखात एकटाच दिवा टक लावून पाहिला, की तो स्थिर असला तरी हलल्यासारखा वाटतो. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका दाखवून ते विचारायचे, किती सरकला? एकेकट्या माणसांची उत्तरं वेगवेगळी यायची. त्यांनाच एकत्र बसवलं की उत्तरं हळूहळू जवळ येत, आणि पुढं एकट्यानं पाहतानाही माणूस गटात ठरलेलंच उत्तर देई. गच्चीवर दहा जण बॅटऱ्या घेऊन उभे असतात तेव्हा हाच प्रयोग चालू असतो. फक्त ठिपका किती सरकला यापेक्षा तो कोणाच्या घरावर सरकला, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

*

यात गावंढळपणा शोधणाऱ्यांनी जरा जग फिरून यावं.

२०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये चीनच्या सीमेवर आपल्या जवानांनी अनोळखी उडत्या दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा ते दिवे प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आल्याचं नोंदलं होतं. हेरगिरीचे ड्रोन असावेत, असा संशय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. दिवे दोन निघाले, एक गुरू आणि दुसरा शुक्र. शिस्तीची, प्रशिक्षित, दुर्बिणी असलेली फौज, पण समोर शत्रू असल्यानं शुक्राची चांदणी घुसखोर ठरली.

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीवर ड्रोनचं मोहोळ उठल्याचा गदारोळ झाला. तपास यंत्रणेकडे पाच हजारांवर तक्रारी आल्या, त्यांतल्या शंभरेकच पुढं तपासण्याजोग्या निघाल्या. १६ डिसेंबरला सरकारी खात्यांनी संयुक्त निवेदन काढलं. त्याचा सारांश असा की लोकांना दिसलं त्यात कायदेशीर ड्रोन होते, साधी विमानं होती, हेलिकॉप्टरं होती आणि तारेही होते. त्याच दिवसांत मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी आपल्या घरावर डझनावारी ड्रोन घोंघावताहेत म्हणून चित्रफीत टाकली. जाणकारांनी पाहिलं तर त्यात मृग नक्षत्र होतं.

मृगाची ही गोष्ट वाचली तेव्हा मला गोंदियाची आठवण झाली, त्याला कारण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी मध्य भारतातल्या गोंड वस्त्यांत फिरून तिथल्या माणसांचं आकाश टिपून ठेवलं आणि २०१३ साली प्रसिद्ध केलं. होगन यांना ज्या ताऱ्यांत ड्रोन दिसले त्यांत गोंड शेतकऱ्याला नांगर दिसतो. आणि सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत त्याला दिसते म्हातारीची बाज. मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले तीन चोर.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाला माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड लोक येतात. त्यांच्या या मुलखात रात्रीच्या आकाशातले चोर ही काही ड्रोनसोबत आलेली नवी गोष्ट नाही. चोर पहिल्यापासून वर आहेतच. फक्त त्यांची नावं, त्यांची जागा आणि त्यांची वेळ लोकांना ठाऊक होती.

*

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढं अनेक वर्षं ती पडूनच असल्यासारखी होती. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. मग प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून इथं वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. प्रवासी विमान मात्र जिल्ह्याला बऱ्याच उशिरा मिळालं. २०२२ च्या मार्चमध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली, ती टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबाद-तिरुपतीचं विमान आलं. म्हणजे धानाच्या या जिल्ह्यानं विमानात बसण्याच्या कितीतरी आधी विमान शिकणाऱ्यांना डोक्यावर घेतलं होतं.

त्या दिव्यांच्या मागं माणसं असतात हे इथं वेगळं सांगावं लागत नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात लांजीच्या बाजूला डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. माझ्या म्हाताऱ्याला ती तारीख आठवत नव्हती, पण "पोट्टी होती जी" एवढंच बोलून तो बराच वेळ गप्प राहिला. ज्या दिव्याबद्दल आपल्याला हळहळ वाटू शकते त्याला चोर म्हणणं जड जातं.

पण म्हणून गोंदियाला अफवेची बाधा होत नाही असं मी म्हणणार नाही. बिरसीच्या फेरीपासून पुष्कळ दूर, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडे, हे दिवे कोणाच्या सवयीचे नाहीत. तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांवर रात्री लाल दिवे असतात. धुक्यात चिमणी बुडाली की दिवेच तेवढे तरंगताना दिसतात. नक्षलविरोधी मोहिमांमुळं पूर्व विदर्भात पोलिसांचे ड्रोनही खरोखरच उडतात. शिवाय २०२१ च्या जूनमध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटकं पडली होती, आणि २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर ड्रोनची झुंज सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. ड्रोनची भीती वेड्याची नाही. ती चुकीच्या दिव्याला चिकटते एवढंच.

आणि आकाशातून काय येईल याची खात्री देता येत नाही, हे तर पूर्व विदर्भानं डोळ्यांनी पाहिलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं आणि पवनपारला धातूचा गोळा सापडला. चीनच्या अग्निबाणाचे ते अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. त्या दिवशी कोणी काठ्या घेऊन बाहेर पडलं नाही. लोक कडं पाहायला गेले. अवशेष पडतो, टेहळणी करत नाही. माणूस डिवचला जातो तो वरच्या दिव्यात कोणाचा तरी हेतू दिसला की.

*

हेतू दिसला की हात उगारायला कोणीतरी लागतं, आणि दिवा तर हाताच्या टप्प्यात नसतो. मग तो हात खालच्या माणसावर उतरतो.

२०२५ च्या पावसाळ्यात पश्चिम उत्तर प्रदेशात ड्रोनची अशीच साथ आली. मुझफ्फरनगरला दोघांना पकडलं, त्यांनी कबुतरांच्या पायांना लाल-हिरवे दिवे बांधून उडवले होते. इथवर हसता येतं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाला 'ड्रोनवाला चोर' समजून जमावानं जिवे मारलं. त्याच्याकडे ड्रोन नव्हता. तो अनोळखी होता आणि रात्री रस्त्यावर होता.

आपल्याकडे वेगळं काही झालेलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथंही चोर फिरताहेत म्हणून गाव गस्तीवर होतं. दोन्हीकडे ड्रोन नव्हता, पण साचा तोच. आधी अफवा, मग गस्त, मग रस्त्यानं येणारा पहिला परका.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतरचे महिने रात्रीचे असतात. गावोगाव मंडई भरते. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळींच्या गाड्या पडदे, पेट्या, नट-नट्या घेऊन रातोरात एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि मग माणसं मोटारसायकलीवर तिघं-तिघं बसून घरी परततात. चुरण्याला, म्हणजे मळणीला, आलेले परगावचे मजूर रात्री-अपरात्री बांध ओलांडतात. हे सगळे परके आहेत, आणि हे सगळे परके असूनही पाहुणे आहेत, या एका समजुतीवर झाडीतला सगळा हिवाळा उभा आहे. ज्या वर्षी गावं ड्रोनच्या नावानं गस्त घालतील त्या वर्षी पहिली अडेल ती नाटकाची गाडी.

म्हणून मला वाटतं, हे फक्त विज्ञानाच्या तासाला सुटणारं प्रकरण नाही. तो तास हवाच. शाळेच्या मैदानावर एक रात्र मुलांना लाल-हिरवा-पांढरा ओळखायला शिकवता येतं, आणि मोबाइलवर विमानांचा ठावठिकाणा सांगणारं ॲप उघडून 'हे बघा, हे कोलकात्याचं' असं दाखवता येतं. गस्त घालणाऱ्या पोरांपैकी एकाच्याही हातात हे असलं तर अर्ध्या रात्री वाचतील. पण माहितीला चिकटायला जागा लागते. बीडच्या त्या गच्चीवर जागणाऱ्या माणसाच्या घरी खरोखर चोरी झालेली असते, किंवा शेजाऱ्याकडे झालेली असते. ठाणं लांब, वीज रात्रीच येते म्हणून घरचा कर्ता पंप चालू करायला शेतावर, घरात एकटी बाई. त्याची धास्ती खरी आहे. तिला बोट दाखवायला काहीतरी हवं होतं आणि ते वर लुकलुकत होतं. त्याला 'ते विमान आहे' एवढंच सांगून तुम्ही घरी गेलात तर धास्ती मागंच राहते, आणि ती दुसरा दिवा शोधते.

बिरसीच्या म्हाताऱ्याकडे ॲप नव्हतं. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची ओळख होती. दिवा आपल्याकडे येतो तो आपल्यासाठी नाही, हे त्याला ठाऊक होतं.

*

नवाच्या सुमारास शेवटचं विमान उतरलं. मंडईचा भोंगाही थांबला. म्हाताऱ्यानं घोंगडी ओढली आणि झोपता झोपता मला सांगून ठेवलं, "डुकरं आली त उठवजा."

डुकरं आली नाहीत. मध्यरात्र उलटल्यावर ईशान्येला झाडांच्या वर चार तारे चढले, बाज सरळ झाली. या दिवसांत ती अशी उशिरा उगवते आणि तिच्या मागं ते तिघं एकेक करून येतात. दीडच्या सुमारास पहिला. दोन वाजून गेल्यावर दुसरा. तीनच्या आसपास तिसरा, बांधाच्या अगदी लगत, जणू आत्ताच कुंपण ओलांडून आलेला.

मी म्हाताऱ्याला हलवलं. त्यानं एक डोळा उघडून वर पाहिलं.

"आले का तिघंबी?" त्यानं विचारलं, आणि कूस बदलून पुन्हा झोपला.